दहा वर्षांच्या सरासरीतले एक अडलेले वर्ष : माझा अनुभव

एका कंपनीच्या शेअरचे मोल ठरवण्यासाठी मला दहा वर्षांची मिळकत हवी होती आणि त्यांतल्या नऊ वर्षांचे कागद पहिल्या दोन दिवसांतच हाताशी आले. उरलेल्या एका वर्षासाठी नऊ आठवडे गेले. ते वर्ष होते २०१९-२०, आणि सगळा निकाल त्याच वर्षावर अडलेला होता. त्या नऊ आठवड्यांचा राग अजून पुरता निवलेला नाही. पण माझ्यासारखे कुणी याच वाटेने निघाले असेल, तर त्याचा वेळ वाचावा म्हणून हे लिहीत आहे.

बाबा पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत, ट्रकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात फोरमन होते. त्यांनी त्याच कंपनीचे शेअर थोडेथोडे करून घेतले होते. ते गेल्यावर शेअर आईच्या डीमॅट खात्यात आले. मग प्रश्न उभा राहिला की आईच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आणि पुढच्या खर्चासाठी ते विकावेत की ठेवावेत. दादाचे मत ठाम होते. "अगं, बावन्न रुपये मिळकत आणि सातशे वीस भाव. चौदा पटीलासुद्धा येत नाही. इतका स्वस्त शेअर कुणी विकतं का?" हिशोब बरोबर होता, पण ते बावन्न रुपये म्हणजे २०२४-२५ ची प्रति शेअर मिळकत (निव्वळ नफा भागिले शेअरसंख्या) होती आणि ते त्या कंपनीच्या आजवरच्या इतिहासातले सर्वांत चांगले वर्ष होते. ट्रकचा धंदा हा भरती-ओहोटीचा धंदा आहे. भरतीच्या दिवशी पाण्याची खोली मोजून त्यावर घर बांधण्याचे ठरवू नये, असे मला वाटत होते.

यासाठीची पद्धत जुनी आणि साधी आहे. शेअरचे मोल कसे ठरवावे याचा अभ्यास करणारे बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्येच सांगितले होते की एका वर्षाच्या नफ्यावर विसंबू नये, निदान पाच आणि शक्यतो सात किंवा दहा वर्षांची सरासरी पाहावी. १९८८ मध्ये जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर या अर्थशास्त्रज्ञांनी या सरासरीला महागाईची जोड देऊन ती अमेरिकेच्या संपूर्ण बाजाराला लावून पाहिली. प्रत्येक वर्षाची प्रति शेअर मिळकत आजच्या रुपयांत आणायची, दहा वर्षांची सरासरी काढायची आणि आजच्या भावाला तिने भागायचे. शिलर यांच्या आकड्यांनुसार अमेरिकी बाजाराचे हे गुणोत्तर १९९९ च्या अखेरीस ४४ च्या घरात गेले होते आणि त्यानंतर बाजार कसा कोसळला, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्यांची पद्धत शेकडो कंपन्यांच्या निर्देशांकासाठी होती, ज्यात एकीचे नुकसान दुसरीच्या नफ्यात मिसळून जाते. एकाच कंपनीला ती लावताना प्रत्येक वर्षाचा कागद स्वतः वाचावा लागतो.

बाबांच्या कपाटात २००९-१० पासून २०१८-१९ पर्यंतचे सगळे वार्षिक अहवाल होते, तपकिरी पाकिटांसकट, आणि प्रत्येक पाकिटावर त्यांच्या हातची पोचल्याची तारीख होती. कंपनीच्या संकेतस्थळावर शेवटची पाच वर्षे होती, म्हणजे २०२०-२१ ते २०२४-२५. मधले एकच वर्ष कुठे नव्हते. त्याचे कारण मला नंतर उमगले. २०२० साली कोरोनामुळे छापील अहवाल न पाठवता केवळ ई-मेलने पाठवण्याची मुभा कंपन्यांना मिळाली होती आणि बाबांचा ई-मेल कंपनीकडे नोंदलेला नव्हता.

कुणी म्हणेल की प्रत्येक अहवालात मागच्या वर्षाचे आकडेही शेजारच्या रकान्यात असतातच. ते खरे आहे आणि ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखीही आहे, कारण त्यामुळे एकाआड एक वर्षाचे पाच अहवाल मिळाले तरी दहा वर्षांचे आकडे हाती येतात. मलाही २०२०-२१ च्या अहवालात २०१९-२० चा तोटा सापडला होता : ४२ कोटी रुपये. पण त्याच ओळीच्या वर 'अपवादात्मक बाबी' म्हणून खर्च दाखवला होता, कर वजा जाता ४७ कोटी रुपयांचा, आणि त्याचा खुलासा एका वाक्यात उरकला होता. शेअरची माहिती देणाऱ्या ज्या दुसऱ्या संकेतस्थळावरून मी आकडे पडताळत होते, त्याने ही रक्कम सरळ वगळून त्या वर्षी ५ कोटी रुपये नफा झाल्याचे दाखवले होते. आज कंपनीचे १ कोटी ६८ लाख शेअर आहेत. त्या हिशोबाने प्रति शेअर २५ रुपये तोटा मानायचा की ३ रुपये नफा, हा सगळा प्रश्न होता. ते ४७ कोटी कशाचे होते, हे मूळ अहवालातल्या टिपेशिवाय कळणार नव्हते.

मी कंपनीच्या सेक्रेटेरियल विभागाला ई-मेल केला. उत्तर आले की रजिस्ट्रारकडे, म्हणजे कंपनीच्या वतीने भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, विचारा. रजिस्ट्रारने कळवले की जुने अहवाल कंपनीकडे असतात. पुन्हा कंपनीला लिहिले, तेव्हा फोलिओ क्रमांक, म्हणजे कागदी शेअरचा खाते क्रमांक, मागितला. शेअर डीमॅटमध्ये असले की फोलिओ क्रमांक नसतो, त्याऐवजी डीमॅट खात्याचे डीपी आयडी आणि क्लायंट आयडी मिळून सोळा अक्षरे-आकडे असतात. ते पाठवले, तर आईचे नाव त्यांच्या यादीत अजून आलेले नाही, असे उत्तर आले. डीमॅट खात्यात शेअर येऊन तेव्हा दीड महिना झाला होता. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर त्या वर्षाच्या नावाने जी फाइल होती, तीत वार्षिक सभेची बारा पानी नोटीस तेवढी होती, अहवाल नव्हता. सहाव्या आठवड्यात मी स्वतः कारखान्याच्या फाटकावर गेले. सुरक्षारक्षकाने नोंदवहीत नाव लिहून घेतले, आत फोन लावला आणि मी पाऊण तास बाहेरच्या बाकावर बसले. ज्या फाटकातून बाबा चौतीस वर्षे आत गेले, त्याच्या बाहेर बसून एका सार्वजनिक कागदासाठी वाट पाहावी लागणे मला फार लागले. अखेर एक तरुण कर्मचारी बाहेर आला आणि म्हणाला, "मॅडम, वेबसाइटचं काम चालू आहे, सगळे जुने रिपोर्ट पुढच्या महिन्यात टाकणार आहोत." तो नम्रपणे बोलला आणि त्याच्यावर माझा राग नाही. पण शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने आपल्या तोट्याच्या वर्षाचा अहवाल भागधारकाला मागूनही देऊ नये, हे मला आजही मान्य नाही.

नवव्या आठवड्यात एका परिचित सीएने सांगितले की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरले की कोणत्याही कंपनीने दाखल केलेली कागदपत्रे पाहता येतात. तिथे एओसी-४ या अर्जासोबत वर्षाचे हिशोब आणि टिपा जोडलेल्या असतात. त्या संध्याकाळी बसून मी ते कागद उतरवून घेतले. कागदपत्रे पाहण्याची मुदत मर्यादित असते, तेव्हा इंटरनेट धड चालू असताना आणि हाताशी निवांत वेळ असतानाच पैसे भरावेत. ही एक गोष्ट मला पहिल्या आठवड्यात कळली असती तर बाकीचे काहीच करावे लागले नसते.

टीप क्रमांक ३८ मध्ये सगळे स्वच्छ लिहिले होते. जुलै २०१८ मध्ये सरकारने ट्रकची भारक्षमता वाढवल्यामुळे आहे त्याच गाड्यांत जास्त माल बसू लागला आणि नव्या ट्रकची मागणी घटली; पुढे बिगरबँक वित्तसंस्थांचे कर्ज आटले; आणि १ एप्रिल २०२० पासून कमी प्रदूषण करणारी बीएस-६ इंजिने सक्तीची होणार म्हणून जुन्या यंत्रसामग्रीचे मूल्य उतरवावे लागले. उरलेली रक्कम कामगारांच्या स्वेच्छानिवृत्तीची होती. बाबांच्या कपाटातल्या अहवालांत पाहिले, तर २०१२-१३ आणि २०१६-१७ मध्येही स्वेच्छानिवृत्तीचा लहान खर्च 'अपवादात्मक' म्हणूनच लिहिलेला सापडला. जो खर्च दर तीन-चार वर्षांनी येतो, तो त्या धंद्याचाच खर्च आहे. दहा वर्षांची सरासरी घ्यायची ती अशी वर्षे तिच्यात सामावून जावीत म्हणूनच. तीच वगळली तर एवढा खटाटोप करण्यात अर्थ उरत नाही. मी उणे २५ धरले.

महागाईच्या आकड्यांतही एक चूक मी करणार होते, ती इथे सांगते. प्राप्तिकरासाठीचा खर्च महागाई निर्देशांक तयार मिळतो, २०१५-१६ साठी २५४ आणि २०२४-२५ साठी ३६३, म्हणून मी आधी तोच घेतला. पण कायद्याने तो शहरी ग्राहक किंमत निर्देशांकाच्या वाढीच्या फक्त ७५ टक्के धरला जातो आणि तोही मागच्या वर्षाच्या वाढीवरून. त्याने या काळातली महागाई ४३ टक्के दिसते. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या संयुक्त, म्हणजे ग्रामीण आणि शहरी मिळून असलेल्या, मालिकेने ती सुमारे ५४ टक्के येते. मी संयुक्त मालिका घेतली. तिच्यामुळे २०१५-१६ चे १४ रुपये आजचे सुमारे साडेएकवीस रुपये होतात. ही मालिका जानेवारी २०११ पासूनच आहे, म्हणून त्याआधीच्या वर्षांसाठी औद्योगिक कामगारांचा निर्देशांक वापरावा लागतो, ज्यावरून महागाई भत्ता ठरतो. त्याचे पायाभूत वर्ष सप्टेंबर २०२० पासून २०१६ झाले आहे, तेव्हा जुन्या २००१ च्या मालिकेशी सांधताना नव्या आकड्याला २.८८ ने गुणायला विसरू नये.

बोनस शेअरचे आधीच सांगायला हवे होते. आकडे पडताळण्याच्या त्या संकेतस्थळावर २०१५-१६ ची प्रति शेअर मिळकत २८, पुढच्या वर्षीची ३२ आणि २०१७-१८ ची एकदम २१ दिसत होती. मला ती घसरण वाटली. नंतर ताळेबंदात भागभांडवलाची ओळ पाहिली : ८.४० कोटींचे १६.८० कोटी झाले होते. २०१८-१९ मध्ये एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, दिला होता, त्या अहवालात मागच्या एका वर्षाची मिळकत नियमाप्रमाणे नव्याने मांडली होती आणि त्याआधीची वर्षे संकेतस्थळाने तशीच सोडली होती. म्हणून प्रति शेअर मिळकत कुठूनही उचलू नये. निव्वळ नफा घ्यावा आणि आजच्या शेअरसंख्येने भागावे. कंपनीने मध्यंतरी पैसे घेऊन नवे शेअर काढले असतील तर मात्र हे चालत नाही, तेव्हा त्या त्या वर्षाचीच शेअरसंख्या घेऊन तिला फक्त बोनस आणि विभाजनाची दुरुस्ती करावी लागते.

आता आकडे. दादाच्या हिशोबाने गुणोत्तर १४ च्या आत होते. संकेतस्थळाचे आकडे जसेच्या तसे घेऊन दहा वर्षांची सरासरी काढली तर ते २२ येत होते. बोनसची चूक दुरुस्त केल्यावर २५ झाले. तोट्याचे वर्ष खऱ्या आकड्याने धरल्यावर सरासरी मिळकत २४ रुपये ८६ पैसे आणि गुणोत्तर २९ आले. महागाईची दुरुस्ती मुळीच केली नसती तर ते ३४ दिसले असते, म्हणजे ती दुरुस्ती न करणे हा कंपनीवर अन्याय ठरला असता. बाबांच्या अहवालांवरून मी मार्च २०१९ चेही गुणोत्तर काढले, ते १९ होते. अमेरिकेच्या सरासरीशी तुलना करण्यापेक्षा त्याच कंपनीच्या जुन्या गुणोत्तराशी केलेली तुलना मला अधिक पटली. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आल्यामुळे आधीच्या वर्षांचा नफा थोडा कमी दिसतो, एवढी सवलत मनात धरूनही २९ मला महाग वाटले.

दादाने कागद दोन वेळा तपासले आणि टीप ३८ स्वतः वाचली. आईने दोन तृतीयांश शेअर विकायला सांगितले, बाकीचे बाबांचे म्हणून ठेवले. कंपनीचा ई-मेल त्यानंतर तीन आठवड्यांनी आला, सोबत २०१९-२० चा पूर्ण अहवाल होता. त्याची छापील प्रत काढून मी कपाटात २०१८-१९ च्या पाकिटाशेजारी ठेवली आणि तिच्यावर पोचल्याची तारीख लिहिली.

उरलेल्या शेअरसाठी हा हिशोब आता दरवर्षी नवा अहवाल आला की करायचा आहे. त्यात एक खूण आत्ताच करून ठेवली आहे : २०२९-३० चा अहवाल येईल तेव्हा हे तोट्याचे वर्ष दहा वर्षांच्या बाहेर पडेल आणि धंद्यात काहीही न बदलता गुणोत्तर एकदम खाली आलेले दिसेल. त्या वर्षी सरासरी दहाऐवजी अकरा वर्षांची काढून पाहायची, असे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.