पकड सोडा, पाय उचला

बुधवार, ऐरोली

आज हँडबॉलच्या सरावाला बॉल पिशवीतून काढलाच नाही, तर मुलींची तोंडं पडली. डिफेन्सचा दिवस कुणालाच नको असतो.

माझ्याकडच्या बऱ्याच मुली कबड्डीतून आल्यात. कमरेत वाकणं, समोरचीच्या पायांवर नजर ठेवणं, जोडीनं सरकणं त्यांना शिकवावं लागत नाही. पण कोणी अंगावर आली की हात आपसूक पकडीला जातात. कबड्डीत पकडीला गुण. इथे मागून ओढलं की बहुतेक वेळा दोन मिनिटं बाहेर, आणि तेवढा वेळ संघात एक कमी. उरलेल्या मुली दुसऱ्या टोकाच्या. अंगाला अंग लागेलसं दिसलं की बाजूला होतात, वर समोरचीलाच ‘सॉरी’. तिला वाट मोकळी, गोल झाला, आणि ही सॉरी म्हणतेय!

नियमात काय चालतं ते आज करून दाखवलं. छातीनं वाट अडवता येते. कोपरात वाकवलेले हात समोरचीला लावून तिच्यासोबत सरकता येतं. मात्र त्यासाठी तिच्या आधी तिच्या वाटेत पोचायला हवं. उशीर झाला की हात ओढायला धावतात. म्हणून फक्कीनं गोलासमोरची ६ मीटरची रेघ ठळक केली आणि तासभर नुसती पावलं. बॉल समोरचीकडे आला की पुढे ९ मीटरपर्यंत, पास गेला की तिरकं मागे. तिच्या फेकीच्या हातासमोर उभं राहायचं. डावखुरी असली की सगळं उलट. मागे येताना रेघेच्या आत पाय नको. आत उभं राहून हुकमी गोल अडवला तर ७ मीटर थ्रो, म्हणजे पेनल्टी बसते.

गोलकीपर सोडून सहाही जणींना रेघेवर उभं करून या वयात सामने जिंकता येतात, कारण लांबून जोरात मारणाऱ्या मुली फार नसतात. मला तसं जिंकायचं नाही. रेघेवरच उभं राहायला शिकलेल्या मुली पुढे मोठ्या गटात गेल्या की खांबासारख्या उभ्या राहतात.

थांबताना गुडघा आत वळलेला दिसला की मी खेळ थांबवते. मुली वैतागतात. नॉर्वेत १५ ते १७ वयाच्या हँडबॉलपटूंवर झालेला अभ्यास २००५ साली आला होता. नीट आखलेल्या वॉर्मअपनं गुडघ्या-घोट्याच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या होत्या. त्यामुळे एका पायावर तोल सांभाळणं रोज होणार, कितीही कंटाळा येवो.

एरवी रिक्षात कलकलाट करणाऱ्या या पोरी डिफेन्सला उभ्या राहिल्या की मुक्या होतात. पाठीमागून पिव्हॉट, म्हणजे आपल्या रांगेत घुसून उभी राहणारी समोरच्या संघातली मुलगी, सरकली तर शेजारणीला कळणार कसं? शनिवारपासून ‘माझी!’ असं ओरडल्याशिवाय पुढे गेलेली मुलगी बाहेर बसेल.

निघताना एकीची आई गेटवर भेटली. “ताई, मुलींना धक्काबुक्की शिकवताय म्हणे?” म्हटलं, शनिवारी बसून बघा. “बघेन की. पण आधी ते गुडघ्याचे पॅड वाशीत स्वस्त कुठं मिळतात ते सांगा. हिचा हट्ट चाललाय.”