तुम्ही विचारलंत म्हणून: पिनेलचा शिंपी आणि माझी बाई

"मॅडम, साखळ्यांची गोष्ट खरी नाही ना? मग पहिल्या तासाला पिनेलच का?" मी मानसोपचार शिकवते, आणि एम.डी.च्या प्रत्येक बॅचमधलं कुणीतरी हे विचारतंच. वर्गात मी दरवेळी अर्धं उत्तर देऊन पुढे जाते. आज पूर्ण लिहिते.

साखळ्यांचं आधी संपवू. फिलिप पिनेल हा अठराव्या शतकातला फ्रेंच डॉक्टर; पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातल्या मनोरुग्णांच्या साखळ्या त्याने काढल्या, अशी गोष्ट सांगतात. त्या त्याने काढल्या नाहीत. १७९७ साली त्या काढल्या तिथल्या पुसँ नावाच्या देखरेख्याने. तोवर पिनेलला साल्पेत्रिएर या दुसऱ्या रुग्णालयात जाऊन दोन वर्षं झाली होती. पुसँ मूळचा कातडी कमावणारा. गंडमाळेच्या (मानेतल्या गाठींच्या) उपचारासाठी बिसेत्रला आला आणि तिथेच कामाला लागला. श्रेय त्याचं आहे हे पिनेलने स्वतः लिहिलंय. पिनेलला नायक केलं ते त्याच्या मुलाने, आणि पुढे चित्रकार रोबेर-फ्लरीच्या १८७६ च्या चित्राने ते सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. मीही ते चित्र भिंतीवर लावून कित्येक वर्षं चुकीचंच शिकवलं. कळल्यावर चित्र उतरवलं, पिनेल मात्र ठेवला.

का ठेवला? तुलूझची पदवी घेऊन हा माणूस १७७८ मध्ये पॅरिसला आला, तर तिथल्या वैद्यकीय विद्यापीठाने त्याला प्रॅक्टिसच करू दिली नाही. मग गणित शिकवलं, भाषांतरं केली, आरोग्यविषयक नियतकालिक चालवलं. एक तरुण मित्र वेडाच्या भरात घरातून पळाला आणि रानात मेला, तेव्हापासून त्याचं लक्ष या आजाराकडे वळलं. बिसेत्र मिळालं १७९३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी. तिथे तो पुसँ आणि त्याच्या बायकोकडून शिकला, रुग्णांशी तासन्‌तास बोलला, लिहून ठेवलं. पुढे नावाजलेला मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल त्याचाच विद्यार्थी. पण हे सगळं पुस्तकात आहे. मी पिनेल शिकवते तो एका शिंप्यामुळे.

हा शिंपी पॅरिसचा. फ्रेंच राज्यक्रांतीत राजाला झालेल्या शिक्षेबद्दल चारचौघांत काहीतरी बोलून गेला, लोकांनी त्याच्या देशभक्तीवर शंका घेतली, आणि आपल्याला गिलोटिनवर चढवणार या भीतीने त्याची झोप उडाली, अन्न सुटलं. बिसेत्रमध्ये पिनेलने त्याला रुग्णांचे कपडे शिवायला दिले. सुधारला, पुन्हा घसरला. मग पिनेलने खोटा खटला रचला. काळे झगे घातलेले डॉक्टर न्यायाधीश बनून आले, त्यांनी शिंप्याची उलटतपासणी केली आणि त्याला निर्दोष सोडलं. शिंपी बरा झाला. मग कुणीतरी सांगून टाकलं, की ते सगळं नाटक होतं. तो पुन्हा आजारी पडला तो कायमचाच. पिनेलने हेही लिहून ठेवलं.

आता माझं. नव्वदच्या दशकात, लेक्चरर होऊन दोन वर्षं झाली असताना एक प्राथमिक शिक्षिका माझ्या ओपीडीत आली. तिच्या मते शेजारी टाकीच्या पाण्यात विष कालवत होते. शाळेच्या बोअरवेलचं पाणी कॅनमधून घरी आणायची, तीनदा उकळायची. आजार मान्य नाही, गोळी घेणार नाही, माझ्याकडे यायची ती फक्त "झोप लागत नाही" म्हणून. पदरात सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं. एका रात्री ती शेजाऱ्यांच्या दारावर कोयता घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिचे मिस्टर माझ्यासमोर बसून रडले. मी त्यांना मनोविकारावरच्या औषधाचे थेंब लिहून दिले. रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हटलं, आमटीत घाला.

तीन आठवड्यांत कॅन सुटला. दोन महिन्यांत ती मुलांचा अभ्यास घेऊ लागली. एकदा टेबलावर दोन्ही हात ठेवून तिने मला विचारलं, "डॉक्टरबाई, बाहेरचं जाऊ द्या. घरातलं तरी चांगलं आहे ना?" मी म्हटलं, "निर्धास्त खा."

धाकटी जाऊ भांडणात थेंबांचं बोलून गेली.

ती शेवटची आली तेव्हा पिशवीत केळी होती. तिने एक केळं काढलं, देठ उजेडात धरून निरखलं, साल चिरलेली नाही ना हे बोटाने चाचपलं, माझ्यासमोरच सोलून खाल्लं. म्हणाली, "आता एवढंच खाते." शेजाऱ्यांचं नाव तिने काढलंच नाही. तिचं घर तेवढं सुरक्षित उरलं होतं, आणि तिच्या अन्नात खरोखरच काहीतरी घातलं ते मी. ती पुन्हा कधी आली नाही. माहेरी गेली, मुलं वडिलांकडे राहिली, एवढं कळलं.

तुम्ही म्हणाल, दुसरा मार्ग काय होता? हेच मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तिच्या मनाविरुद्ध भरती करायची तर बहुधा कोर्टाचा फेरा, नोकरीवर डाग. कोयता खरा होता. सगळेच लिहून देत होते. हे सगळं खरं आहे. पण थेंब देणं एक, आणि तिने सरळ डोळ्यांत बघून विचारल्यावर "निर्धास्त खा" म्हणणं वेगळं. त्या दिवशी मला बोलता आलं असतं. ती सुधारली होती, कदाचित ऐकलंही असतं. तेव्हाची मी यावर म्हणते, ऐकलं नसतं तर? त्या तेव्हाच्या 'मी'ला मी अजून गप्प करू शकलेले नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीत ठेवायला बंदी घातली. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत साखळदंडात अडकलेली मनोरुग्ण माणसं जळून मेली, त्यानंतर सोळा वर्षांनी. त्याच कायद्यात उपचारासाठी रुग्णाची संमतीही आली. थेंब मात्र अजून आमटीत पडतात, हे ओपीडीत बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून पहिल्या तासाला पिनेल. शिकवायला मला चुकलेला आणि ती चूक लिहून ठेवणारा माणूस हवा असतो.

गेल्या वर्षी एक आई थेंब मागायला आली. मुलगा एकवीसचा, बाप नाही. मी नकार दिला, मुलाला घेऊन या, मी त्याच्याशी बोलते म्हटलं. ती म्हणाली, "तो आला असता तर तुमच्याकडे एकटी कशाला आले असते?" बाकी काही न बोलता उठली. नंतर मी तिच्या नंबरवर दोनदा फोन केला. लागला नाही.