तुम्ही विचारलंत म्हणून: इन्सुलिन आणि अंगावरचं मांस

फोंड्याच्या बाजारात गेले की कुणी ना कुणी थांबवतंच. बरीच वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे जुने विद्यार्थी आणि त्यांचे आईबापही मला अजून टीचरच म्हणतात. प्रश्न बहुतेक वेळा हाच: "टीचर, इन्सुलिन साखरेचं ना? मग ते सुरू केल्यावर अंगावर मांस कसं धरतं?" २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीत गोव्यातल्या २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचं दिसलं. देशात सगळ्यात जास्त. तेव्हा प्रश्न घरोघरचा आहे.

माझ्या घरी तो बाबांच्या मनगटावर दिसला. बाबा जन्मभर कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, राबलेले. गोळ्यांनी साखर आटोक्यात येईना म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं. "इंजेक्शनावर गेलो म्हणजे संपलंच," असं म्हणत बाबांनी ते सहा महिने लांबवलं. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकावर आला. मग त्यांनी दाभण तापवून एक नवं भोक पाडलं, पुढे आणखी एक. अंगठा आणि तर्जनीच्या मधला फुगीर भाग बसून तिथे खळगा पडला. नारळ सोलायला बसले की चौथ्या नारळाला हात थरथरायचे. वय झालं, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होते, याची रुखरुख अजून जात नाही.

खरं कारण असं. स्नायूंतली प्रथिनं सतत मोडत असतात आणि सतत नवी बनत असतात. रोज शेकडा एक-दोन भाग बदलला जातो. हा हिशेब जुळवून ठेवण्यात इन्सुलिनचा मोठा हात असतो. ते स्नायूपेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, बाहेरूनच चिकटतं. निरोप मात्र आत जातो, एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, आणि एकेटी नावाच्या प्रथिनापर्यंत पोचतो. एकेटीमुळे दोन गोष्टी होतात. एक, एमटॉर नावाचं प्रथिन जागं होतं आणि रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या कणांवर, नवी प्रथिनं जुळवण्याचं काम जोर धरतं. दुसरी, फॉक्सओ हे प्रथिन पेशीच्या केंद्रकाबाहेर अडवलं जातं. इन्सुलिन कमी पडून ते आत शिरलं तर 'हे मोडीत काढा' अशी खूण लावणारी यंत्रणा वाढवतं आणि स्नायू स्वतःलाच खाऊ लागतो. बाबांचं तेच चाललं होतं.

माणसात यातली दुसरी गोष्ट जास्त ठळक आहे, हे मी मुद्दाम सांगते. इन्सुलिन आधी मोडतोड थांबवतं. नवं बांधायला मात्र रक्तात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, हवीत, त्यातही ल्युसिन, कारण एमटॉरला ते स्वतंत्रपणे जागं करतं. चिरेच आणले नाहीत तर गवंडी काय बांधणार?

ही वितळण वैद्यांना फार जुन्या काळापासून माहीत होती. दुसऱ्या शतकातल्या अरेटियसने लिहून ठेवलंय की या रोगात मांस आणि अवयव विरघळून मूत्रावाटे जातात. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत ज्याला पहिलं इन्सुलिन टोचलं तो लिओनार्ड थॉम्पसन १४ वर्षांचा होता आणि वजन होतं जेमतेम ३० किलो. त्यानंतर तो १३ वर्षं जगला.

जिमला जाणारी मुलं हे ऐकून विचारतात, "मग आम्ही टोचून घेतलं तर?" अजिबात नको, बाळांनो. धडधाकट माणसाच्या स्वादुपिंडातून जेवणानंतर जेवढं सुटतं, तेवढ्यात स्नायूंचं भागतं. वरून आणखी ओतल्याने प्रथिनं जास्त बनत नाहीत. साखर मात्र इतकी खाली जाते की माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जातो.

बाबांनी शेवटी इन्सुलिन घेतलं. पण पहिले काही आठवडे फरक पडला तो साखरेच्या आकड्यात, हातात नाही. पथ्याच्या नावाखाली त्यांनी अंडं सोडलं होतं, नुस्तं, म्हणजे मासे, अर्धं केलं होतं, आणि रात्री नुसती पेज आणि लोणचं. आईने दोन्ही वेळेला बांगडा, डाळ, अंडं यांतलं काहीतरी ताटात येईल असं पाहिलं. संध्याकाळी बाबा कुळागराची चढण दोनदा चढू लागले. उतारवयात स्नायू इन्सुलिनचं आणि अन्नाचं दोन्हींचं कमी ऐकतो. हालचालीनंतर जरा जास्त ऐकतो. दिवाळीनंतर कधीतरी त्यांनी न थांबता दहा नारळ सोलले आणि आईला बोलावून दाखवले.

परवा एका विद्यार्थ्याच्या आईने विचारलं, "माझ्या सासऱ्यांना इन्सुलिन चालू आहे. श्रावणात घरात नुस्तं नसतं, मग काय करू?" मी म्हटलं, अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक करा, मुगाच्या मुगागाठी करा, दही रोज द्या. पण आधी त्यांच्या मूत्रपिंडाचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, कारण तिथे काही बिघाड असेल तर प्रथिनं किती द्यायची ते त्यांनीच ठरवायचं.