टॅलिनच्या तटबंदीच्या आत

एस्टोनियाची राजधानी टॅलिन हिचे जुने शहर पायी पाहण्यासाठी आम्ही विरू दरवाज्याच्या दोन गोल बुरुजांमधून आत शिरलो, आणि दहाएक मिनिटांतच १४०४ साली पूर्णत्वास गेलेल्या गॉथिक नगरभवनासमोरच्या चौकात येऊन पोहोचलो. चौकाच्या कोपऱ्यातील औषधाच्या दुकानाचा उल्लेख १४२२ पासून सापडतो, आणि तेथे आजही औषधे मिळतात. माझ्या मते नगरभवनापेक्षा हे दुकानच अधिक थक्क करणारे आहे.

या शहराची खरी गंमत त्याच्या दुभंगात आहे. खाली लुबेक या जर्मन शहराच्या कायद्याने चालणारे, हान्सा या उत्तर युरोपातील व्यापारी शहरांच्या मध्ययुगीन संघातील जर्मन व्यापाऱ्यांचे गाव, तर वर तूम्पेआच्या टेकडीवर सरदार आणि बिशप यांची वस्ती. दोघांचा कारभार शतकानुशतके वेगळा होता आणि परस्परांवरचा विश्वास बेताचाच. त्यांना जोडणाऱ्या ‘आखूड पाय’ नावाच्या चढणीवर दरवाज्याचा बुरूज उभा आहे. तो ओलांडताना मला गडावरच्या दिंडी दरवाज्याची आठवण झाली, फरक एवढाच की येथे धास्ती परक्या शत्रूची नव्हे, तर शेजाऱ्याची होती.

तटाचा सुमारे दोन किलोमीटरचा भाग अजून शाबूत आहे. त्यातील एका उंच बुरुजाचे नाव ‘स्वयंपाकघरात डोकाव’ असे आहे, कारण तेथील पहारेकऱ्यांना म्हणे खालच्या घरांतील चुली दिसत.