१५० अक्षरांत चप्पल

आज लेकीच्या अर्जापायी रंकाळ्याचा फेरा बुडाला. पोरगी दोन वर्षं सुभाषनगरात चप्पल कारागिरांकडं जाऊन बसते. कापशी, पुकरी, सगळे प्रकार वहीत काढलेत. वहीलासुद्धा चामड्याचा वास येतो.

इथं इंजिनिअरिंगला सीईटीचं पर्सेंटाइल बघतात, वही कोण विचारतंय? अमेरिकेतल्या कॉलेजांच्या सामायिक अर्जात, म्हणजे कॉमन अ‍ॅपमध्ये मात्र अशा उद्योगांना १० रकाने, पण वर्णन १५० अक्षरांत! चारदा खोडून झालं, 'पुकरी' काही बसेना.

तेवढ्यात शेजारचे काका आले. "आमच्या नातवालाबी असला एखादा प्रोजेक्ट करून द्या की, महिन्याभरात!" (चहा दिला, दुसरं काय देणार.)

रात्री विचारलं, नाही मिळाली अ‍ॅडमिशन तर?

"उद्या सुभाषनगरचे मामा चपलेची वेणी घालायला शिकवणारेत, लवकर उठव," म्हणाली.