पिल्लू चावतंय? आधी त्याची झोप झालीय का बघा

नेरूळला एका घरी सध्या पेट सिटिंगला जातेय. घरचे साताऱ्याला लग्नाला गेलेत, घरी फक्त आजी आणि बुंदी. बुंदी म्हणजे साडेतीन महिन्यांची लॅब्रॅडॉर, दिसायला गोड आणि तोंडात सुयांसारखे दुधाचे दात.

आजींचं एकच, "ही रागीट निघाली गं." नाही हो आजी, या वयात पिल्लं सगळं तोंडानेच चाचपतात, त्यात 28 दुधाचे दात पडून सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात, तोवर हिरड्या शिवशिवतात. किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं हे ती भावंडांशी मस्ती करताना शिकतात, एकाने जोरात चावलं की दुसरं कुंई करून खेळच बंद करतं. आणि तरी लोक पाच आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडून आणतात, मला खरंच राग येतो याचा, निदान आठ आठवडे तरी राहू द्या ना.

पण बुंदीचं सगळ्यात जास्त चावणं संध्याकाळी सातनंतर सुरू होतं. सोफ्याभोवती सुसाट पळणार, पिंढरीला लटकणार, आजींच्या साडीचा काठ धरून मान झटकणार. लोकांना वाटतं एनर्जी जास्त झालीये, अजून खेळवा. अहो ती झोपेला आलेली असते! एवढी पिल्लं दिवसातले 18 ते 20 तास झोपतात, आणि या घरात बेल वाजतेय, कुरियर येतंय, टीव्हीवर मालिका चालूये, कुठून झोपणार बिचारी. म्हणून आता ती तासभर जागी राहिली की शू करवून प्लेपेनमध्ये (पिल्लासाठीचं छोटं कुंपण), पडदा ओढून, फॅन लावून, आणि चघळायला फ्रीझरमध्ये गार केलेला गाठ मारलेला ओला फडका. थोडा वेळ कुरकुर करते, फडका पुढच्या पंजांत धरून दाढेखाली सरकवते, मग चावणं हळू होत जातं आणि फडका तोंडात तसाच ठेवून डोळे मिटतात.

जागी असताना चावली तर हात किंवा साडी मागे ओढायची नाही, ओढलं की तिला खेळच वाटतो. थांबायचं, दोरीचं खेळणं पुढे करायचं, तरी ऐकलं नाही तर काही न बोलता आपणच अर्धा मिनिट दाराबाहेर जायचं. "अगं पण काठ फाटेल माझा!" आजी म्हणाल्या. ओढलात तर नक्की फाटेल आजी. आता त्या हात छातीशी घेऊन उभ्या राहतात आणि बुंदी खरंच सोडते.

बिल्डिंगमधले एक काका सांगून गेले, नाकावर टपली मारा, तोंड दाबून धरा. अजिबात नाही. हात जवळ आला की घाबरणारं कुत्रं पुढे जीव वाचवायला चावतं, आणि तो चावा खरा असतो.

एक मात्र सगळ्यांना सांगते, रक्त आलं किंवा नुसता ओरखडा उठला तरी नळाखाली साबणाने 15 मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. घरचंच पिल्लू आहे म्हणून सोडू नका, रेबीजची लस पिल्लांना साधारण तीन महिन्यांची झाल्यावरच देतात, म्हणून मी काम घेण्याआधी लसीचं कार्ड बघते.

रविवारी घरचे येतायत. झोपेच्या वेळा त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यात, आणि प्लेपेन टीव्हीच्या खोलीतून आत हलवता येईल का तेही विचारलंय.