हपुषेचा खण आणि अंगणातलं झुडूप

वाईला आमच्या घराच्या ओटीवरच बाबांचा आयुर्वेदिक दवाखाना होता. भिंतीला लागून लाकडी खणांचं कपाट, आणि प्रत्येक खणावर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी. उन्हाळ्याच्या सुट्टीत औषधं निवडायचं काम आम्हा भावंडांकडे असायचं. पुण्याहून गाठोडं आलं की सुपात ओतायचं, काडीकचरा वेगळा करायचा आणि त्या त्या खणात भरायचं. त्यातला 'हपुषा' लिहिलेला खण मला आवडायचा. वाटाण्यापेक्षा थोडी लहान, काळपट, सुरकुतलेली फळं. प्रत्येकाच्या टोकाला तीन रेघांची बारीकशी चांदणी. नखानं दाबलं की आत टणक बिया आणि कापूर, राळ, सुकं लाकूड असा मिसळलेला वास. "कुठून येते हो ही?" असं विचारलं की बाबा म्हणायचे, "हिमालयातून. झुडूप असतं म्हणतात. मी पाहिलेलं नाही."

चाळीस वर्षं ज्या औषधाचं चूर्ण बाबांनी पुड्यांत बांधून दिलं, त्याचं झाड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. औषध म्हणजे खणातली वस्तू, इतकंच डोक्यात होतं.

पुढे नोकरीच्या निमित्तानं आम्ही उत्तर जर्मनीत आलो, त्सेले गावाजवळ. इथून उत्तरेला लुनेबुर्गर हायडे म्हणून मोठा माळ आहे. रेताड जमीन, ऑगस्टमध्ये जांभळ्या फुलांनी भरून जाणारी. माळाचा सर्वांत उंच भाग म्हणजे विल्झेडर बेर्ग, तोही फक्त १६९ मीटर. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला त्याला डोंगर म्हणवत नाही. पण चालायला फार सुंदर. विल्झेडे गावात मोटारी नेता येत नाहीत, एक तर पायी जायचं नाही तर घोडागाडीनं. तिथंच टोटेनग्रुंड नावाची एक खोलगट दरी आहे आणि त्या दरीत ठिकठिकाणी गडद हिरवी झुडपं उभी दिसतात. काही खांबासारखी सरळ, काही पसरलेली. संध्याकाळच्या धुक्यात माणसं उभी असल्यासारखी भासतात.

पहिल्यांदा गेले तेव्हा एका झुडपाजवळ वाकून पाहिलं. सुयांसारखी टोकदार पानं, तीन-तीनच्या घोसात, प्रत्येक पानाच्या वरच्या अंगाला एकच पांढरा पट्टा. फांदीवर निळसर काळी फळं, वर द्राक्षांवर असते तशी पांढुरकी झाक. आणि फळाच्या टोकाला तीन रेघांची चांदणी.

मी तिथंच खाली बसले. खाली पडलेलं एक फळ बोटांत चिरडलं आणि क्षणात वाईची ओटी नाकाशी आली. इथले लोक याला वाखोल्डर म्हणतात, इंग्रजीत ज्युनिपर. बाबांची हपुषा.

घरी येऊन बाबांना फोन केला. ते इतकंच म्हणाले, "नीट बघून सांग. नावावर जाऊ नकोस." त्या एका वाक्यामुळे माझी पुढची दोन वर्षं गेली.

माळावरची फळं तोडायचा प्रश्नच नव्हता. तो संरक्षित भाग आहे, तिथं काहीच तोडायचं नाही. मग मी बाजारातून पुडी आणली. इथं वाण्याच्या दुकानात मसाल्यांच्या रांगेत ती सर्रास मिळते. त्या वर्षी मी पहिल्यांदा सावरक्राऊट घालायला घेतलं होतं, म्हणजे मिठात आंबवलेला कोबी. पाच किलो कोबी, मीठ आणि वाखोल्डर. आपण गरम मसाला टाकतो तशा सढळ हातानं मी मूठभर फळं खलबत्त्यात कुटून टाकली. दीड महिन्यानं बरणी उघडली तर कोबीला टर्पेंटाईनचा वास. कडू, चिकट, जिभेवरून जाईना. पाचही किलो टाकून द्यावा लागला. अन्न टाकताना आईची आठवण येऊन मला रडू आलं होतं, हे लपवायचं कारण नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी ठरली असती. आमच्या इमारतीच्या वाहनतळाच्या कडेला पसरट, दाट झुडपं आहेत. शरद ऋतूत त्यांच्यावर निळी फळं दिसली. मला वाटलं, घरबसल्या मिळालं! पिशवी घेऊन तोडायला लागले तर शेजारच्या आजी काठी टेकत आल्या. जर्मन माणसं सहसा दुसऱ्याच्या कामात पडत नाहीत, पण त्यांनी माझा हातच धरला.

"ही खायची नाहीत. हा झाडेबाऊम आहे, विषारी."

मी म्हटलं, फळं तर तशीच दिसतात. त्यांनी एक डहाळी माझ्या तळहातावर ठेवली. "पान बघा."

बघितलं. सुया नव्हत्याच. सापाच्या अंगावर असतात तसे बारीक, एकमेकांवर चिकटलेले खवले. चोळल्यावर उग्र, नकोसा वास. मग त्यांनी मला त्यांच्या अंगणात नेलं. तिथं एक नाशपातीचं झाड होतं आणि त्याच्या पानांवर नारिंगी ठिपके पडलेले. त्या म्हणाल्या, हा तांबेरा असतो. त्याची बुरशी हिवाळा झाडेबाऊमवर काढते आणि वसंतात नाशपातीवर येते. खऱ्या वाखोल्डरवर ती राहत नाही. त्यांच्या अंगणात नाशपातीपासून दहा पावलांवर खरा वाखोल्डर होता, पुरुषभर उंच, तरी तो निर्दोष आणि दोषी तो वाहनतळाकडेचा. आजारी पानावरून शेजारचं झुडूप ओळखायची ही रीत मला फार आवडली. बाबांना सांगितली तेव्हा त्यांनाही.

त्या दिवसापासून आजींनी मला शिकवायला घेतलं. त्या लहानपणी याच माळावर वाढलेल्या. त्यांनी सांगितलं की हा माळ निसर्गानं आपोआप ठेवलेला नाही, मेंढ्यांनी ठेवलाय. हायडश्नुकं म्हणतात त्या इथल्या करड्या, शिंगांच्या मेंढ्या. त्या कोवळी रोपटी खातात म्हणून इथं जंगल वाढत नाही. वाखोल्डरला मात्र त्या तोंड लावत नाहीत, सुया टोचतात. म्हणून सगळं चरून झालं तरी वाखोल्डर उभा. मला आपल्याकडचा निवडुंग आणि घाणेरी आठवली, शेळ्यांच्या वाटेवर तीही अशीच उरतात.

फळं म्हणतो आपण, पण खरं तर ती फळं नाहीत. वाखोल्डर देवदार-चीडच्या जातकुळीतला, त्याला शंकू धरतात. इथं शंकूचे तीन खवले मांसल होऊन एकमेकांत मिटतात, म्हणून टोकाला ती तीन रेघांची चांदणी. लहानपणी मी जिला नक्षी समजत होते तो मिटलेल्या खवल्यांचा सांधा निघाला. झाडं नर आणि मादी वेगळी असतात. आणि एक शंकू पिकायला दोन, कधी तीन वर्षं लागतात. त्यामुळे एकाच फांदीवर यंदाचे हिरवे आणि जुने निळे शेजारी शेजारी असतात. ओरबाडून घेतलं तर पुढच्या दोन वर्षांचं पीक हातचं जातं.

म्हणून तोडायचंच नाही, झोडायचं. ऑक्टोबरमधल्या एका कोरड्या दुपारी आजींनी झुडपाखाली जुनी चादर अंथरली. मला चामड्याचे हातमोजे दिले आणि एक वेताची काठी. "जोरात नाही. दार वाजवतो तसं." मी फांदीवर हलकेच टकटक केली. पिकलेली निळी फळं टपटप पडली, हिरवी फांदीलाच धरून राहिली. तासाभरात दोन ओंजळी निघाल्या. सुया मात्र मोज्यांतूनही टोचतात, मनगटांवर लाल पुरळ उठलं. चादरीवरचा कचरा पाखडायला आजींकडे सूप नव्हतं. मी घरून आणलं, आईनं दिलेलं बांबूचं. अंगणात उभी राहून फळं पाखडली तेव्हा त्या हातातली काठी विसरून बघत राहिल्या. नंतर त्यांनी ते सूप मागून घेतलं, अजून त्यांच्याकडेच आहे.

वाळवणं उन्हात करायचं नाही, वास उडून जातो. सावलीत, हवेशीर जागी, एकावर एक न पडतील अशी पसरून, अधूनमधून हलवत. मी कपाटावर वर्तमानपत्र घालून तीन आठवडे ठेवली. सुरकुतली, काळी पडली, आणि एक दिवस पाहते तर हुबेहूब खणातली हपुषा.

मग पुन्हा कोबी. या वेळी हिशेबानं. किलोला वीस ग्रॅम मीठ, म्हणजे पाच किलोला शंभर, आणि फळं किलोला फक्त पाच-सहा, न कुटता, सुरीच्या पात्यानं नुसती दाबलेली. कोबी बारीक चिरून मीठ लावून दोन्ही हातांनी चुरायचा, कोशिंबिरीला चुरतो तसा, पण अर्धा तास. पाणी सुटतं, भरपूर सुटतं. मग दगडी बरणीत थर देऊन मुठीनं दाबत बसवायचा. वर दगड ठेवायचे आणि पाणी कोबीच्या वर आलं पाहिजे. लोणच्याचा खार वर आला पाहिजे, हे आई दर वर्षी सांगायची. इथंही नियम तोच. फक्त दादरा बांधायचा नाही. बरणीच्या काठाला पन्हळ असते, तिच्यात पाणी भरून झाकण बसवायचं, म्हणजे आतला वायू बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री स्वयंपाकघरातून आवाज आला. गुडुक. थोड्या वेळानं पुन्हा गुडुक. आम्ही दोघं अंधारात बरणीसमोर उभे राहून ऐकत होतो. आठवडाभर ती खोलीत बोलत राहिली, मग तळघरात नेली. सहा आठवड्यांनी उघडली. आंबट, कुरकुरीत, आणि घास गिळून झाल्यावर मागून येणारा तो राळेचा थंडावा. हाच तो मसाल्याचा बेत, मागून यायचा. मूठभर टाकला की तो पुढे येऊन सगळं बुडवतो.

आजी हा मसाला हायडश्नुकेच्या मांसाच्या रश्श्यातही घालतात. आम्ही शाकाहारी, मी लाल कोबीत आणि राजम्यात घालते. चार फळं पुरतात. राजमा खाऊन पोटात वारा धरत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

औषधाचा भाग मात्र मला अडखळतच कळला. इकडे सेबास्टियान क्नाइप नावाचे धर्मगुरू होऊन गेले, १८२१ ते १८९७. पाण्याच्या उपचारांसाठी प्रसिद्ध. वाखोल्डरच्या फळांचा त्यांचा एक क्रम इथल्या जुन्या माणसांना पाठ असतो. पहिल्या दिवशी चार फळं चावून खायची, रोज एकेक वाढवत पंधरापर्यंत न्यायची, आणि मग एकेक कमी करत यायचं. आजींच्या आई करायच्या. मला ते वाचून आपल्या आयुर्वेदातल्या वर्धमान पिंपळीची आठवण झाली, तिथंही असंच चढत जायचं आणि उतरायचं. मला ते करून बघायचंच होतं.

औषधांच्या दुकानात जाऊन विचारलं. काउंटरमागच्या बाईंनी पुडी काढून दिली नाही, आधी प्रश्न विचारले. गरोदर आहात का? मूत्रपिंडाचा काही आजार? कुठली औषधं चालू? मी सांगितलं, वसंतात मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झाला होता. त्यांनी मान हलवली. वाखोल्डर लघवी वाढवतो तो मूत्रपिंडाला डिवचून, म्हणाल्या. आजारी मूत्रपिंडाला नको, गरोदरपणात तर मुळीच नको, आणि धडधाकट माणसानंही आठवडेच्या आठवडे घेऊ नये. डॉक्टरांनीही नाहीच म्हटलं. मी हिरमुसले. मग बाबांना फोन केला, मनातून वाटत होतं की बाबा तरी हो म्हणतील.

बाबा म्हणाले, "उष्ण, तीक्ष्ण आहे ती. गुल्मात म्हणजे पोटात गोळा धरतो तिथं, उदरात म्हणजे पोट वाढतं तिथं, वातानं पोट फुगतं तिथं मी द्यायचो, तेही बाकीच्या औषधांच्या जोडीनं आणि नाडी बघून. तुला दिली नसती." चरकानं गुल्मासाठी हपुषाद्य घृत, म्हणजे हपुषा घालून कढवलेलं औषधी तूप, सांगितलंय, ते त्यांनी किती जणांना कढवून दिलं असेल. तरी मुलीला नाही म्हणाले. स्वयंपाकात घाल, तेवढी पुरे, म्हणाले.

बोलता बोलता त्यांनी विचारलं, "वास कसा येतो गं ओल्या फळाला? भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात मत्स्यगंधा म्हटलंय."

मी म्हटलं, मासळीचा तर अजिबात नाही. ओल्या पाईनचा, थोडा लिंबाचा. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दाखव."

मी फोन घेऊन आजींच्या अंगणात गेले. पाऊस नुकताच थांबला होता. फोन फांदीजवळ धरला. बाबा आता ब्याऐंशीचे आहेत, चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावून बघत होते. "थोडं डावीकडे. हां. पान उलटं कर. पट्टा दिसतोय. आता फळाचं टोक दाखव." मी एक निळं फळ अंगठ्यानं वर केलं, थेंब गळून पडला आणि चांदणी दिसली. मागे आजी सूप घेऊन उभ्या होत्या, बाबांनी त्यांना पडद्यातूनच नमस्कार केला.

"आणि ही शेजारची हिरवी?"

"ती पुढच्या वर्षी पिकतील, बाबा. काही त्याच्याही पुढच्या."

"मग पुढच्या वर्षी याच फांदीवर आण मला," बाबा म्हणाले. आजींनी खिशातून लाल लोकरीचा तुकडा काढला आणि मी तो त्या फांदीला बांधला.